ओरिएंटल तंबाखूची चव ओळखताना: गोव्याच्या हवेत पाइप ओढणाऱ्यांसाठी

पाइपच्या तंबाखूचा डबा उघडला आणि धुरकट वास आला की बरेच जण लगेच म्हणतात, "हे ओरिएंटल." तो वास असतो लटाकियाचा. लटाकिया हेसुद्धा मुळात ओरिएंटल, म्हणजे तुर्कस्तान-ग्रीसच्या बाजूचं तंबाखूचं पानच, पण उन्हात वाळवल्यावर ते लाकडाच्या नि झुडपांच्या धुरात टांगून ठेवतात. मग धुराची चव वर राहते आणि पानाची खाली गाडली जाते. इंग्लिश पद्धतीच्या मिश्रणात व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूचा गोडवा आणि लटाकियाचा धूर कुणालाही कळतो. तिसरं पान, म्हणजे साधं, धुरात न ठेवलेलं ओरिएंटल, डब्यावर छापलेलं असतं; पण ते नेमकं काय करतं हे विचारलं तर वर्षानुवर्षं पाइप ओढणाराही गप्प होतो. ते काढून टाकलं तर मिश्रण बेचव होतं, एवढंच त्याला ठाऊक असतं.

हे पान मुळात हळू बोलतं. भोवतीचा गोंगाट कमी केल्याशिवाय ते ऐकू येत नाही, म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या गोंगाट कमी करण्याच्याच आहेत. गोव्यात सगळ्यांत मोठा गोंगाट आपल्या हवेतल्या ओलाव्याचा.

आधी एक स्पष्ट सांगतो. धूर छातीत घेतला नाही तरी पाइपमुळे ओठ, तोंड आणि घशाचा कर्करोग होतो, आणि निकोटिनची सवय लागते ती वेगळीच. ज्यांनी आजवर तंबाखूला हात लावलेला नाही त्यांनी या लेखामुळे लावू नये. अठरा वर्षांखालच्या कुणाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहे, तेव्हा पुढचं सगळं आपापल्या घराच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, करायचं, तेही घरातल्या पोराबाळांना धूर लागणार नाही असं.

पान कुठलं आणि असं का

तुर्कस्तानचा एजियन आणि काळ्या समुद्राकडचा भाग, उत्तर ग्रीस, उत्तर मॅसिडोनिया, बल्गेरिया हा या तंबाखूचा मुलूख. जमीन खडकाळ, चुनखडीची, पाणी बेताचं. झाडं मुद्दाम दाटीने लावतात, त्यामुळे पान लहानच राहतं. काही जातींचं तर तळहाताएवढंही होत नाही. पान जितकं लहान तितका त्याच्यावरचा राळेसारखा चिकट अंश दाट, आणि सुगंध त्यातच असतो. खालच्या पानांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने खुडणी होते, पानं दोऱ्यात ओवतात आणि उन्हात वाळवतात. निकोटिन कमी, साधारण एक टक्क्याच्या आसपास. साखर असते, पण व्हर्जिनियाइतकी नाही.

आंबूस, जरासा जुन्या चीजकडे झुकणारा जो वास ओरिएंटलमध्ये येतो, त्याच्यामागे रसायन आहे. पानावरच्या त्या राळेत साखरेला जोडलेली काही आम्लं असतात. पान मुरताना आणि जळताना ती सुटी होतात. मिथाइल व्हॅलेरिक आम्ल हे त्यांतलं प्रमुख. नुसतं हुंगलं तर ते घामट वाटतं; धुरात अगदी थोडं आलं की मिश्रणाला खोली येते. म्हणून नवा माणूस डबा हुंगून नाक मुरडतो आणि पाइप पेटल्यावर त्याचं मत बदलतं.

आपल्याकडचा एक गैरसमजही इथेच काढून टाकू. बेळगावच्या बाजूला निपाणीचा विडीचा तंबाखूही उन्हातच वाळतो, मग तो ओरिएंटल का नाही? कारण पानाची जात, जमीन आणि लागवड, सगळंच वेगळं. विडीच्या तंबाखूचं पान जाड असतं आणि त्यातलं निकोटिन कितीतरी जास्त. ते पाइपमध्ये भरून 'देशी ओरिएंटल' करायला जाऊ नका, चक्कर येईल. गोव्याचं तंबाखूशी नातं तसं जुनं आहे. पोर्तुगीज अमलात इथे ब्राझीलच्या बाहियाचा तंबाखू यायचा आणि त्याच्या विक्रीचा मक्ता सरकार देत असे. पण ते नातं अटलांटिक पलीकडच्या पानाशी, तुर्की पानाशी नव्हे. आपल्या नाकाला या पानाची आधीची ओळख नसते, तेव्हा ती करून द्यावी लागते.

डब्यावर बहुधा फक्त 'ओरिएंटल' किंवा 'टर्किश' असं लिहिलेलं असतं. जातीचं नाव असलंच तर पुढची नावं ओळखीची असू द्या. इझमिर, जुनं नाव स्मर्ना: सौम्य, गोडसर, थोडं आंबट, फुलाची झाक असलेलं. शिकायला हेच घ्या. सॅमसून काळ्या समुद्राकडचं. अंगाने भरलेलं, लाकडी आणि जरा तिखट. कॅटेरिनी हे सॅमसूनच्याच कुळातलं, ग्रीसमध्ये रुजलेलं, अधिक मसालेदार. बास्मा आणि झान्थी उत्तर ग्रीसकडची. यांचा वास धुपाकडे नि देवदाराकडे जातो, आणि माझ्या मते सगळ्या ओरिएंटलमध्ये सुरेख ती हीच. झान्थीजवळच्याच येनिजेचं नाव एकेकाळी एवढं मोठं होतं की जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात १९०९ साली एका सिगारेट कारखान्याची इमारत मशिदीसारखी, घुमट-मिनारांची बांधली आणि तिला 'येनिझे' हेच नाव दिलं. ती अजून उभी आहे. प्रिलेप, जेबेल वगैरे नावं पुढे भेटतील, त्यांची घाई नको.

काय मागवायचं

पणजी-म्हापशाच्या दुकानांत चांगला पाइपचा तंबाखू मिळाला तर नशीब, आणि त्यातही सुटं ओरिएंटल मिळणं कठीण. आखातातून, लंडनहून किंवा लिस्बनहून येणारं कुणीतरी प्रत्येक वाड्यावर असतंच; त्यांच्याकडेच सांगावं लागतं. बॅगेज नियमांप्रमाणे प्रवाशाला १२५ ग्रॅमपर्यंत तंबाखू शुल्काविना आणता येतो, तोही सिगारेट किंवा सिगार आणत नसेल तरच. येणाऱ्याने निघण्याआधी चालू नियम पाहून घ्यावा. या १२५ ग्रॅममध्ये सगळं बसवायचं तर असं सांगा: एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, साधं व्हर्जिनिया, वरून वास न लावलेलं, एक औंस सुटं इझमिर, जे मिश्रणासाठी म्हणून विकतात, आणि फक्त व्हर्जिनिया व ओरिएंटल असलेला दोन औंसांचा एक तयार डबा. जी. एल. पीझचं 'एम्बार्कडेरो' हे नेमकं असंच आहे, लाल व्हर्जिनिया आणि इझमिर दाबून कापलेलं. बेरीज होते ११३ ग्रॅम. लटाकिया असलेला एकही डबा या फेरीत मागवू नका. मोह होईल, तरी नको.

पाइप कोरी हवी. जिच्यात एकदा लटाकिया किंवा व्हॅनिलाचा तंबाखू ओढला, ती पुढे कित्येक वेळा तोच वास सोडत राहते. मक्याच्या कणसाची पाइप स्वस्त असते आणि चव लवकर दाखवते, म्हणून तीच घ्या, आणि तिच्यात दुसरं काही भरू नका. बाउल, म्हणजे पाइपची तंबाखू भरायची वाटी, लहान बरा, आतून १८-१९ मिलिमीटर रुंद. दोन ग्रॅम तंबाखू मावला की पुरे. मोठ्या बाउलमध्ये ओरिएंटल शेवटी-शेवटी उग्र होतं.

याशिवाय ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा, रबरी कडेच्या झाकणाच्या काचेच्या चार-पाच बरण्या, आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, सिलिका जेलच्या पुड्या आणि तंबाखू दाबायचा टॅम्पर. पाइप क्लीनर भरपूर.

ओलावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तंबाखू भोवतीच्या हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० ते ६५ टक्के असेल तर पान पाइपला योग्य अशा ओलाव्यावर थांबतं. पुस्तकांत आणि डब्यांवर लिहिलेलं असतं की तंबाखू कागदावर पसरून अर्धा तास ठेवा. ते लिहिणाऱ्याची हवा कोरडी असते. पणजीत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. त्या हवेत पसरलेला तंबाखू अर्ध्या तासात आणखी ओला होतो, आणि माणूस कोड्यात पडतो की वाळवूनही तो विझतो का.

पावसाळ्यात असं करा. एका बाउलपुरता तंबाखू बशीत पातळ पसरा. बशी मोठ्या हवाबंद डब्यात ठेवा आणि बाजूला सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, तंबाखूला न लागतील अशा. वीस मिनिटांनी बघा, मग दर दहा मिनिटांनी. खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर चालवून तिथे पसरलं तरी चालतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत मात्र दुपारच्या वेळी साधा कागद पुरतो. चवींचा खरा अभ्यास त्या महिन्यांतच करावा. चवथीच्या दिवसांत केलेल्या नोंदींवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

कळायचं कसं? चिमूट बोटांत दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ओलं आहे. हळूहळू उलगडलं आणि बोटाला गारवा लागला नाही की झालं. चुरा व्हायला लागला तर हाताबाहेर गेलं. इझमिरचं पान पातळ असल्यामुळे ते व्हर्जिनियाच्या आधी वाळतं, म्हणून दोन्ही एकत्र कधी वाळवू नका. आणि एक: ओरिएंटल व्हर्जिनियापेक्षा किंचित कोरडंच चांगलं लागतं. ओलं असेल तर फुलाची झाक पूर्ण बुडते, उरतो फक्त आंबटपणा.

पहिले बाउल

मिश्रणाआधी दोन्ही पानं सुटी ओढायची. पहिल्या दिवशी नुसतं व्हर्जिनिया. गवत, पाव, लिंबू, मध, जे काय लागेल ते लिहून ठेवा. ही तुमची पाटी. पुढे हिच्यावर काय उमटलं तेवढंच बघायचं आहे. दुसऱ्या दिवशी नुसतं इझमिर. ते भराभर जळेल, टोकदार लागेल, आणि अर्ध्या बाउलनंतर कंटाळा येईल. येऊ द्या. एकट्याने मैफल रंगवणारं हे पान नव्हे. त्याचा वास नाकात बसावा एवढ्यासाठीच हा बाउल.

भरताना बाउल आधी सैल भरून हलकं दाबा, मग थोडं आणखी, शेवटी जरा घट्ट. ओढून बघा, अडकता कामा नये. काडी पेटवली की गंधक जळून जाईपर्यंत थांबा, नाहीतर पहिली चव गंधकाचीच. आपल्याकडे पावसात काड्या सादळतात, तेव्हा त्या डब्यात ठेवा. पेट्रोलचा लायटर या कामाला कुचकामाचा. पहिल्या पेटवणीत पान फुलून वर येईल, ते हलकं दाबून पुन्हा पेटवा. बलकांवात वारं असेल तर पाठ वाऱ्याकडे करा. वारं लागलं की निखारा तापतो आणि चव जाते.

आता ओढणं. जवळजवळ विझेल की काय इतक्या हळू. बाउल हाताला कोमट लागावा. धरवत नसेल तर खाली ठेवा. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात धूर असताना ओठ मिटा आणि त्यातला अगदी थोडा नाकातून बाहेर जाऊ द्या. जिभेला आंबट, गोड, कडू, खारट अशा मोजक्याच चवी कळतात, बाकी सगळं नाकाचं काम. ओरिएंटलचं तर जवळजवळ सगळंच नाकात आहे. नाकातून न सोडणाऱ्याला ते 'थोडं आंबट' यापलीकडे कधीच दिसत नाही. पहिले दोन-तीन वेळा नाक झिणझिणेल, म्हणून चार-पाच झुरक्यांत एकदाच करा.

पोट अगदी रिकामं नको, आणि शाकुती किंवा हुमण जेवून लगेचही नको; दोन तास जाऊ द्या. सोबत पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा. सोलकढी नको, तिच्यातलं कोकम आणि लसूण जिभेवर बराच वेळ राहतं. फेणीचा तर विचारही नको. काजू फेणीपुढे बास्मासुद्धा हरतं.

वाट्या मांडून बघा

'चव काय लागली?' या प्रश्नाला इंग्रजी परीक्षणांतले शब्द उधार घेण्यात अर्थ नाही. अंजीर, सीडार, लॅव्हेंडर वगैरे वाचून माणूस तेच शोधायला लागतो. त्यापेक्षा स्वयंपाकघरातून आणि देवघरातून छोट्या वाट्या भरा: आमसूल, मध, मिरी, त्रिफळं, धुपाची पूड, चंदनाचं खोड, सुकवलेलं लिंबाचं साल, दह्याचा चक्का, चामड्याचा जुना पट्टा मिळाला तर तोही. बाउलच्या मध्यावर पाइप खाली ठेवून एकेक वाटी हुंगा आणि परत एक झुरका घ्या. जी वाटी हुंगल्यावर धुरातली तीच गोष्ट एकदम पुढे येते, ती नोंदवा. इझमिरला बहुधा मध, लिंबाचं साल आणि चक्का जुळतात. सॅमसूनला मिरी आणि चामडं. बास्मासाठी धूप. त्रिफळं मी ठेवतो कारण त्यांचा झणका कॅटेरिनीत कधीकधी सापडतो, पण इथे मतभेदाला जागा आहे.

दहा, वीस, चाळीस

आता काटा काढा. दहा-दहा ग्रॅमची तीन मिश्रणं करायची. पहिल्यात नऊ ग्रॅम व्हर्जिनिया आणि एक ग्रॅम इझमिर, दुसऱ्यात आठ आणि दोन, तिसऱ्यात सहा आणि चार. हाताने मोकळं कालवा, बरणीत भरा, झाकणावर तारीख आणि प्रमाण लिहा, आणि निदान दोन आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवा. ताजं कालवलेलं मिश्रण ओढलं तर दोन पानं वेगवेगळी लागतात, कधी हे तर कधी ते. मुरल्यावर ओलावा सारखा होतो, वासही एकमेकांत जातात. तीन मिश्रणांत आणि चाखण्यात मिळून साधारण नऊ ग्रॅमच इझमिर खर्च होतं, बाकीचं पुढच्यासाठी शिल्लक.

ओढताना क्रम चढता ठेवा, एका दिवशी एकच. दहा टक्क्यांवर इझमिर वेगळं दिसणार नाही. व्हर्जिनियाचा गोडवा मात्र नेमका होईल आणि जीभ कमी भाजेल. वीसवर नाकातून सोडलेल्या धुरात पहिल्यांदा फूल आणि आंबटपणा वेगळे ओळखू येतात. चाळीसवर पानांची बाजू उलटते: गोडवा मागे, पुढे कोरडं लाकूड आणि आंबूसपणा. कुणाला हेच आवडतं. मला पंचविसाच्या आसपास बरं वाटतं, त्याच्या वर गेलं की धूर तोंड कोरडं करतो.

प्रत्येक बाउलचे तीन भाग धरून नोंद करा. पहिल्या भागात आंबट आणि फुलं, मधल्यात गोडवा आणि लाकूड, शेवटी मिरी, चामडं, मग कडवटपणा. कडवट लागलं की थांबा. तळ राखेपर्यंत ओढण्याचा हट्ट अनेक जण धरतात, पण त्या शेवटच्या भागात ओलावा आणि डांबर साचलेलं असतं. तिथे कुठलंच पान ओळखू येत नाही.

तीनही झाल्यावर तयार डबा उघडा. फ्लेक, म्हणजे दाबून कापलेली कापं, हाताने चोळून पूर्ण सुटं करा, वाळवा, ओढा. दाबून कापलेल्या मिश्रणात पानं किती एकजीव होतात ते तुमच्या बरणीशेजारी ठेवल्यावरच कळतं. या डब्यातलं ओरिएंटल तुम्हाला न सांगता सापडलं तर पुढे जायला हरकत नाही.

मग लटाकिया

पुढच्या फेरीत थोडं सायप्रसचं लटाकिया मागवा, आणि त्याच्यासाठी दुसरी पाइप ठेवा. व्हर्जिनिया साठ, ओरिएंटल तीस, लटाकिया दहा, असं सुरू करा. दहा टक्के लटाकियाही सगळ्या खोलीत भरतं. धुराच्या मागे इझमिर कुठे आहे ते शोधायचं. ते बहुधा धुराच्या कडेला आंबट-गोड राहून त्याचा कोरडेपणा मोडत असतं. आता ओरिएंटल काढून टाकून त्याच्या जागी व्हर्जिनिया घाला आणि शेजारी-शेजारी ओढा. फरक इथे सगळ्यांत चटकन कळतो: ओरिएंटलशिवाय गोडवा एका बाजूला आणि धूर दुसऱ्या, मध्ये काहीच नाही.

बाजारातल्या मिश्रणांपैकी सौम्य सुरुवातीला 'अर्ली मॉर्निंग पाइप' बरं. पूर्वी ते डनहिलच्या नावाने यायचं, आता पीटरसनच्या. सॅम्युएल गॅविथचं 'स्क्वॉड्रन लीडर' आणि दुसऱ्या कारखान्याचं 'प्रेस्बिटेरियन मिक्स्चर' ही त्यानंतर. 'बाल्कन' हा शब्द डब्यावर दिसला तर साधारणपणे ओरिएंटल आणि लटाकिया दोन्ही जास्त असतील असं समजा, पण प्रत्येक कारखान्याची व्याख्या वेगळी आहे. नावावर जाऊ नका, घटक वाचा. सुटं बास्मा किंवा सॅमसून हाती आलं तर पुन्हा तोच वीस टक्क्यांचा प्रयोग त्याच व्हर्जिनियावर करा. पाटी बदलली तर तुलना संपली.

साठवण

डबा एकदा उघडला की तंबाखू लगेच बरणीत. बरणी आणि झाकण उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा, एक थेंबही राहायला नको. भरताना तंबाखू योग्य ओलाव्यावर हवा, आणि भरण्याचं काम पावसाळ्यात काढू नका. बरणीत बंद होणारी हवा ९० टक्क्यांची असेल तर बुरशीला आमंत्रण आहे. फ्रिजमध्येही ठेवू नका, गार काचेवर आतून पाणी सुटतं. भिंतीलगतचं कपाट पावसात सादळतं, तेव्हा आतल्या खोलीतलं, जमिनीपासून वरचं कपाट निवडा.

महिन्यातून एकदा काचेतून बघा, उघडू नका. पानावर बारीक चमकदार कण दिसले तर घाबरायचं कारण नाही. पण कापसासारखा पांढरा किंवा हिरवट थर, आणि उघडल्यावर पावसातल्या बंद खोलीचा वास आला तर सगळी बरणी टाका. वरचा भाग काढून खालचा वापरण्यात शहाणपण नाही.

पाइपचंही तसंच. ओढून झाल्यावर ती गार होऊ द्या, मग शँकमधून, म्हणजे बाउलला जोडलेल्या दांड्याच्या नळीतून, क्लीनर फिरवा, बाउल कागदाने पुसा, आणि उघड्या हवेत ठेवण्याऐवजी पावसाळ्यात सिलिकाच्या डब्यात ठेवा. शँक धुवायला काही जण हाताशी आहे म्हणून फेणी वापरतात. ती लाकडात राहते आणि पुढचे कितीतरी बाउल तिचाच वास देतात. वास नसलेली वोडका घ्या.

ओरिएंटल असलेलं मिश्रण बरणीत दोन ते पाच वर्षांत गोल होतं, आंबटपणाची टोकं झिजतात आणि व्हर्जिनियाचा गोडवा वाढतो. लटाकिया मात्र याच काळात फिकं पडत जातं. म्हणून लटाकियाच्या बरण्या आधी संपवा, व्हर्जिनिया-इझमिरच्या मागे ठेवा, आणि त्यांतली निदान एक डिसेंबरातच उघडा.